घंटेचा आलेख, जातीचे नाक आणि गुणवत्तेचे गणित

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गातल्या एका तरुणाने व्हॉट्सॲपवर फिरणारे एक चित्र आम्हाला पाठवले. मध्ये फुगलेली आणि दोन्ही बाजूंना उतरत गेलेली, घंटेच्या आकाराची एक रेषा. खाली मजकूर असा की, बुद्धी निसर्गानेच अशी वाटलेली आहे. थोडे हुशार, बहुतेक सामान्य, थोडे मठ्ठ. मग आरक्षण मागून निसर्गाशी भांडता कशाला? मित्राचा प्रश्न होता, "सर, याला उत्तर काय द्यायचे?"

आम्ही त्याला उलट विचारले, या चित्रात खांब कुठे आहेत? त्याला प्रश्नच कळला नाही. दोष त्याचा नाही. दहावीच्या गणितात आयतालेख शिकवतात, पण तो मार्कांपुरता. पट्टी-पेन्सिलीने खांब काढायचे, शीर्षक द्यायचे, पुढचा प्रश्न. या आयतालेखालाच जग हिस्टोग्राम म्हणते. आधी माणसे मोजायची. आलेले आकडे ठरावीक अंतराच्या गटांत टाकायचे (गणितात त्या गटाला 'वर्ग' म्हणतात, हा योगायोग आम्हाला नेहमी गंमतीचा वाटतो). प्रत्येक गटात जितकी माणसे आली, तितक्या उंचीचा खांब उभा करायचा. खांब हा पुरावा असतो. घंटेची रेषा हा दावा असतो. दावा पुराव्यावर ठेवून पाहायचा, बसतो की नाही ते तपासायचे, हा त्या विद्येचा खरा क्रम. मित्राने पाठवलेल्या चित्रात खांब नव्हते, खालच्या रेषेवर आकडे नव्हते, किती लोक मोजले त्याचा पत्ता नव्हता. नुसता दावा होता आणि तो निसर्गाच्या नावावर खपवलेला होता.

हा क्रम उलटा करण्याचा इतिहास पावणेदोनशे वर्षांचा आहे. त्यात आपले नाक, आपली उंची आणि आपली गुणवत्ता तिन्ही अडकलेली आहेत. आपल्या तरुणांनी तो माहीत करून घ्यावा म्हणून हा लेख.

ही रेषा पहिल्यांदा माणसांसाठी काढलीच गेली नव्हती. १७३३ साली द म्वाव्र याला ती नाणेफेकीच्या गणितात सापडली. १८०९ साली गाऊस याने ती खगोलशास्त्रात वापरली. एकाच ताऱ्याची जागा पुन्हा पुन्हा मोजली की दर वेळी उत्तर थोडे वेगळे येते. लहान चुका पुष्कळ होतात, मोठ्या चुका क्वचित. त्या चुकांचा आलेख घंटेसारखा येतो. म्हणून कितीतरी वर्षे या रेषेला चुकांचा नियम असेच म्हणत असत.

तो नियम माणसांना लावला बेल्जियमचा केतले याने. हाही मुळात खगोलशास्त्रज्ञच. १८३५ साली त्याने 'सरासरी माणूस' ही कल्पना मांडली आणि १८४६ मध्ये स्कॉटलंडच्या ५,७३८ सैनिकांच्या छातीची मापे घेऊन ती घंटेच्या रेषेवर बसवून दाखवली. त्याचा युक्तिवाद असा की, एकाच माणसाची छाती कुणी हजारो वेळा चुकतमाकत मोजली असती तरी आकडे असेच आले असते. ऐकायला सुंदर वाटते. पण इथेच घसरण सुरू झाली. तारा एक होता, म्हणून त्याच्या मोजणीतला फरक ही मोजणाऱ्याची चूक होती. इथे तर माणसे ५,७३८ होती. त्यांच्यातला फरक ही कुणाची चूक? केतलेच्या मांडणीत उत्तर निघते ते असे की मधला माणूस हा निसर्गाचा नमुना आणि कडेचा माणूस हा निसर्गाचा चुकलेला प्रयत्न. माणसामाणसांतले वेगळेपण 'चूक' या खात्यात जमा झाले.

तरीही त्याच केतलेने हिस्टोग्रामचा खरा उपयोगही दाखवून दिला, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगू. फ्रान्समध्ये सक्तीची सैन्यभरती होती. १ मीटर ५७ सेंटिमीटरपेक्षा बुटक्या तरुणाला सूट मिळे. एक लाख तरुणांच्या उंचीचे आकडे केतलेने गटांत लावले, तर १५७ च्या खाली अपेक्षेपेक्षा दोन हजारांहून अधिक माणसे जास्त भरली आणि १५७ च्या लगेच वरच्या गटांत जवळपास तितकीच कमी पडली. अर्थ उघड होता. गुडघे वाकवून म्हणा, मोजणाऱ्याशी संधान बांधून म्हणा, तितके तरुण कागदावर बुटके झाले होते. निसर्ग १५७ वर असा खड्डा पाडत नाही. तो माणसाच्या हाताने पडतो.

असे खड्डे आणि सुळके आजही दिसतात. पोलंडमध्ये शालान्त परीक्षेत पास होण्याची मर्यादा ३० टक्के. पोलिश भाषेच्या पेपरच्या गुणांचा हिस्टोग्राम काढला, तेव्हा ३० च्या अलीकडे जवळजवळ रिकामी जागा आणि ३० वर एकदम उंच खांब असे दिसले. काठावरच्या मुलाला तपासनीसाने वर ओढून घेतले होते. आपल्याकडच्या बोर्डांत काठावर पास करण्याची पद्धत काय आहे ते शिक्षक मंडळींना विचारा. तिथे आम्ही मुलांच्याच बाजूने आहोत. सांगायचे इतकेच की गुणांच्या आलेखात मुलाच्या मेंदूबरोबर पेपर काढणारा, तपासणारा आणि पासाची रेघ ओढणारा असे सगळेच उमटलेले असतात.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही लिहायला बसलो, तिच्याकडे येतो. फ्रान्सच्या पूर्वेला दू नावाचा जिल्हा आहे. तिथल्या भरतीच्या तरुणांच्या उंचीचा आलेख बर्तियाँ या संख्याशास्त्रज्ञाने १८६०च्या दशकात काढला. एक शिखर येण्याऐवजी दोन आली. मध्ये दरी. बर्तियाँने निष्कर्ष काढला की या जिल्ह्यात दोन वंश राहतात, एक बुटक्या केल्टांचा आणि दुसरा उंच बर्गंडियनांचा. आलेखात दोन उंटवटे, म्हणजे समाजात दोन रक्ते! युरोपभर ही गोष्ट आदर्श उदाहरण म्हणून सांगितली गेली. तीसेक वर्षांनी, १८९६ मध्ये, इटलीच्या सैन्यातला डॉक्टर लिव्ही याने मूळ कागद तपासले. उंची मोजली होती इंचांत. नंतर कुणीतरी ती सेंटिमीटरमध्ये बदलली आणि सेंटिमीटरचे गट पाडले. दुसरे शिखर त्या बदलाबदलीतून निघाले होते. वंश रक्तातून आला नव्हता, पट्टीतून आला होता.

हे कसे घडते ते वाचकांनी स्वतः करून पाहावे, फक्त वजाबाकी-गुणाकार लागतो. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. उंची पूर्ण इंचांत नोंदवली आहे असे समजा आणि पाच-पाच सेंटिमीटरचे गट करा. ६० आणि ६१ इंच म्हणजे १५२.४ आणि १५४.९. दोन्ही १५० ते १५५ या गटात पडतात. ६३ आणि ६४ इंच म्हणजे १६०.० आणि १६२.६. दोन्ही १६० ते १६५ मध्ये. पण मधल्या १५५ ते १६० या गटात? तिथे फक्त ६२ इंचवाले येतात, १५७.५ वर. आजूबाजूच्या खांबांना दोन-दोन इंचांची माणसे मिळाली, मधल्याला एकाच इंचाची. मधला खांब अर्ध्यावर बसला, दरी पडली, दोन शिखरे तयार झाली. आता कुणीही उठून म्हणू शकतो की हे दोन वंश आहेत.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. खरोखर दोन वेगळे गट मिसळलेले असले, तरी आलेखात दोन शिखरे येतीलच असे नाही. दोन्ही गट सारख्या संख्येचे आणि सारख्या पसरणीचे असतील, तर त्यांच्या सरासऱ्यांत प्रमाण विचलनाच्या दुपटीहून जास्त अंतर असल्याशिवाय दुसरे शिखर उमटत नाही. नुसते शिखर थोडे चपटे होते. म्हणजे नुसत्या डोळ्यांनी 'एक शिखर म्हणून एक वंश' हेही सिद्ध होत नाही आणि 'दोन शिखरे म्हणून दोन वंश' हेही नाही. इंग्लंडमध्ये वेल्डन या प्राणिशास्त्रज्ञाने नेपल्सचे हजार खेकडे मोजले. त्यांच्या कपाळाच्या रुंदीचा आलेख एका बाजूला कललेला आला. तो दोन घंटांच्या बेरजेने बनला आहे का, याचे अत्यंत किचकट गणित कार्ल पिअर्सनने १८९४ साली मांडले. हिस्टोग्राम हा शब्दही याच पिअर्सनचा, आणि या रेषेला 'नॉर्मल' म्हणण्याची प्रथा मुख्यतः त्यानेच रूढ केली. पुढे १९२० मध्ये त्याला या नावाचा पस्तावा झाला, कारण लोक बाकीच्या सगळ्या आलेखांना विकृत समजू लागले होते. नाव ठेवणाऱ्याने हळहळून काय होणार? नाव चिकटले ते चिकटले. नावात किती ताकद असते हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

पिअर्सनचा गुरू फ्रान्सिस गाल्टन. १८६९ च्या आपल्या पुस्तकात त्याने माणसांच्या प्रतिभेचे वरपासून खालपर्यंत वर्ग पाडले आणि कुठल्या वर्गात दर दहा लाखांत किती माणसे असतील त्याचे कोष्टक छापले. ते कोष्टक कुणाची बुद्धी मोजून आले नव्हते. उंची आणि छाती घंटेवर बसतात, तर प्रतिभाही बसणार, असे त्याने धरले आणि रेषेवरून माणसे मोजली. खांब नाहीत, थेट रेषा. मित्राने पाठवलेल्या चित्राचे मूळ हे. त्याच पुस्तकात त्याने आफ्रिकी लोकांना इंग्रजांच्या खाली दोन पायऱ्यांवर बसवले आणि १८८३ मध्ये 'युजेनिक्स', म्हणजे सुप्रजननशास्त्र, हा शब्द घडवला.

याच काळात मोजपट्टी भारतात आली. हर्बर्ट रिस्ले हा बंगालमधला सनदी अधिकारी. त्याने १८९१ साली बंगालच्या जाती-जमातींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या मोहिमेत उत्तर भारतातल्या ८९ जाती-जमातींच्या सुमारे सहा हजार लोकांची डोकी आणि नाके मोजली गेली. नाकाची रुंदी भागिले नाकाची लांबी गुणिले शंभर, हा नासिका निर्देशांक. ७० च्या आत ते अरुंद नाक, ८५ च्या वर ते बसके. रिस्लेचे म्हणणे असे की जातीचे सरासरी नाक जितके रुंद, तितकी तिची सामाजिक पायरी खाली. हाच माणूस १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त झाला आणि जातींना प्रतिष्ठेच्या उतरंडीने लावण्याचा उद्योग त्याने सरकारी खर्चाने केला.

सहा हजार भागिले ८९ करून पाहा. एका जातीच्या वाट्याला सत्तर माणसेही येत नाहीत. सत्तर माणसांचा हिस्टोग्राम काढला तर तो कसा दिसतो? दातरे पडलेल्या फणीसारखा. अगदी खऱ्या घंटेतून सत्तर आकडे उचलले, तरी खांब वेडेवाकडे येतात. गटाची रुंदी थोडी बदलली की आकार बदलतो. त्यावरून वितरण नॉर्मल आहे की नाही हे छातीठोकपणे सांगणे कठीण. रिस्ले तर त्या वाटेलाही गेला नाही. त्याने प्रत्येक जातीची सरासरी काढली आणि सरासऱ्यांची रांग लावली. जातीच्या आत किती पसारा आहे, हा प्रश्न त्या रांगेत शिल्लकच राहत नाही.

तो प्रश्न विचारला तर काय होते? समजा, एका 'वरच्या' जातीची सरासरी ७३ आणि एका 'खालच्या' जातीची ७७ आली आणि दोन्हींत प्रमाण विचलन ७ आहे. हे आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत. रिस्लेच्या रांगेत या दोन जाती वर-खाली बसतील. पण दोन्ही हिस्टोग्राम एकाच कागदावर काढा. ते जवळजवळ एकमेकांच्या अंगावर पडतील. दोन्ही जातींतून एकेक माणूस डोळे मिटून निवडला, तर शंभरांतल्या सुमारे चौतीस वेळा 'खालच्या' जातीच्या माणसाचेच नाक जास्त अरुंद निघेल. असे नाक पाहून जात ओळखायला निघालेला माणूस नाणे उडवण्यापेक्षा थोडाच बरा. खांब पुसून सरासरी ठेवली की भिंत दिसते. खांब परत उभे केले की भिंत नाहीशी होते.

ही तपासणी पुढे भारतीय माणसानेच केली. १९२० साली नागपूरला सायन्स काँग्रेस भरली होती. तिथे प्राणिशास्त्रज्ञ ॲनंडेल यांनी कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांची मापे तपासण्याचे काम तरुण प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याकडे दिले. दोनशे पुरुषांच्या उंचीवरचा त्यांचा निबंध १९२२ साली आला. संमिश्र म्हणून हिणवलेल्या समाजाच्या उंचीचा आलेख एकजिनसी आहे की विस्कळीत, हाच त्यातला प्रश्न होता. पुढे १९२७ मध्ये छापलेल्या अभ्यासात त्यांना दिसले की बंगालचे ब्राह्मण इतर प्रांतांतल्या ब्राह्मणांपेक्षा बंगालमधल्याच इतर जातींना शरीराने जवळचे आहेत. १९३३ साली त्यांनी रिस्लेच्या बंगालच्या आकड्यांचीच फेरतपासणी प्रसिद्ध केली. महालनोबिस काही जातिअंताच्या चळवळीतले नव्हते. त्यांनी फक्त गणित नीट केले.

बाबासाहेब मात्र हे सगळे कशासाठी चालले आहे, हे आधीपासून ओळखून होते. १९१६ मध्ये कोलंबियात वाचलेल्या जातींवरच्या निबंधातच त्यांनी वर्ण आणि वंशाच्या अंगाने जात समजावणाऱ्यांना बाजूला सारले आणि जातीचे मूळ जातीअंतर्गत विवाहाच्या बंधनात शोधले. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या ग्रंथात त्यांनी पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे असल्याचे ठणकावून सांगितले आणि सुप्रजननाच्या नावाने जातीचे समर्थन करणाऱ्यांचा समाचार घेतला. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात तर त्यांनी डॉ. घुर्ये यांनी एकत्र केलेले नाकांचे आकडेच पुढे ठेवले. तर्क साधा आहे. तुमच्याच मोजपट्टीने ब्राह्मण आणि अस्पृश्य एका वंशाचे ठरतात. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. अस्पृश्यतेचे मूळ वंशात शोधणारा सिद्धान्त इथेच कोसळतो.

इथे कुणी चाणाक्ष तरुण विचारील की बाबासाहेबांनीही सरासऱ्याच वापरल्या, मग त्यांना वेगळा न्याय का? प्रश्न रास्त आहे, अंधभक्तासारखे आम्ही तो टाळणार नाही. फरक दाव्याच्या ओझ्यात आहे. सरासऱ्यांवर उतरंड उभी करायची तर आतला पसारा, माणसांची संख्या, निवड, सगळे दाखवण्याची जबाबदारी उतरंड उभी करणाऱ्यावर येते. बाबासाहेब उतरंड उभी करत नव्हते. शत्रूचाच पुरावा उलटतपासणीला घेऊन तो शत्रूच्याच विरुद्ध जातो, एवढे दाखवत होते. वकिलाला तेवढे पुरते.

आता पुन्हा बुद्धी आणि गुणवत्तेकडे. १९९४ साली अमेरिकेत 'द बेल कर्व्ह' नावाचे जाडजूड पुस्तक आले आणि बुद्ध्यंकाच्या घंटेवर काळ्या लोकांना पुन्हा खाली बसवण्याचा वाद पेटला. आपल्याकडचे अर्धशिक्षित त्याच पुस्तकाची सावली फिरवत असतात. बुद्ध्यंक घंटेसारखा पसरलेला दिसतो, कारण तो तसा यावा म्हणूनच गुणांची मोजपट्टी बसवलेली असते. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ येईल अशा बेताने कच्च्या गुणांचे रूपांतर केले जाते. साच्यात ओतलेल्या विटेचा आकार विटेसारखा निघाला, यात मातीची थोरवी कसली?

याचा पुरावा आपल्या मुलांच्या मोबाईलमध्येच आहे. सीईटी आणि जेईईचा निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. सगळ्या परीक्षार्थींच्या पर्सेंटाइलचा हिस्टोग्राम काढा. तो घंटेसारखा येणार नाही. तो सपाट येईल, फरशीसारखा. शून्य ते दहात जितकी मुले, तितकीच चाळीस ते पन्नासात आणि तितकीच नव्वद ते शंभरात, कारण पर्सेंटाइलची व्याख्याच तशी आहे. त्याच मुलांचे, त्याच पेपरचे कच्चे गुण घेतले तर तिसराच आकार दिसेल. पेपर फार अवघड असेल तर गर्दी डावीकडे आणि लांब शेपूट उजवीकडे. सोपा असेल तर उलट. मुले तीच, बुद्धी तीच, आलेख तीन. यातला निसर्गाचा कोणता?

आणि गंमत म्हणजे गटांची संख्या ठरवण्याचा जो नियम बहुतेक पुस्तकांत देतात, स्टर्जिसचा १९२६ चा, तो नियमच आकडे घंटेसारखे आहेत असे धरून बांधलेला आहे. माणसे ६४ तर गट ७, माणसे १०२४ तर गट ११. घंटा आहे की नाही हे पाहायला निघायचे आणि खिडकी घंटेच्याच आकाराची बसवायची! म्हणून जाणते लोक एका रुंदीवर थांबत नाहीत. दोन-तीन रुंदींनी आलेख काढतात, गटांची सुरुवात थोडी सरकवून बघतात, आणि नंतर प्रत्येक आकडा घंटेतल्या अपेक्षित आकड्यासमोर ठेवून ठिपके सरळ रेषेत येतात का तेही तपासतात. हिस्टोग्रामचे खरे सामर्थ्य शिखर, शेपूट, दरी आणि सुळका दाखवण्यात आहे. शेवटचा निकाल द्यायला तो एकटा अपुरा आहे.

मित्राला आम्ही उत्तर लिहिले नाही. त्या चित्राच्या मूळ पाठवणाऱ्याला विचारायला चार प्रश्न दिले. किती माणसे मोजली? ती कुणी निवडली? काय मोजले, कच्चे गुण की बसवलेले? गटाची रुंदी किती? हा लेख लिहीपर्यंत तिकडून उत्तर आलेले नाही.

येत्या रविवारी अभ्यासवर्गात आपण आपल्याच उंच्या मोजणार आहोत, एकदा इंचांत आणि एकदा सेंटिमीटरमध्ये. इंचांचे नंतर सेंटिमीटर करू आणि दोन्ही यादींचे आयतालेख शेजारी शेजारी काढू. ज्यांच्याकडे शिंप्याची टेप असेल त्यांनी ती आणावी. आलेख-कागद आम्ही आणतो.